आमची वाटचाल : सळ्यांच्या डेमोपासून पाणी तपासणीपर्यंत

आमचं दुकान लातूरला, मूळचं मोटार रिवाइंडिंगचं. 2016 च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांना आठवत असेलच, त्या साली पाण्याच्या नावावर काहीही खपायचं, म्हणून आम्ही पण आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारी मशीन, ठेवायला सुरुवात केली.

खरं सांगतो, तेव्हा आम्हाला काहीच कळत नव्हतं. डेमोचा डबा मिळाला होता, बोअरच्या पाण्यात दोन सळ्या सोडायच्या, करंट द्यायचा, मिनिटात पाणी तपकिरी गढूळ, अन् आपल्या मशिनचं मात्र जसंच्या तसं. बघणारी बाई घाबरायची अन् ऑर्डर पक्की. औशाकडं एका गुरुजींनी माझ्याच मशिनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं अन् म्हणले, आता लावा करंट. तेही तपकिरी! तो रंग घाणीचा नव्हताच, लोखंडाची सळई झिजून आलेला गंज होता. मीठ, क्षार असले की पाण्यातून करंट जातो, एवढीच ती जादू. गुरुजींनी चहा पाजून परत पाठवलं, मशीन काय घेतलं नाही.

तिथून आधी तपासणी, मग मशीन. टीडीएस मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, जंतू, नायट्रेट, फ्लोराइड वेगळं दाखवत नाही. एका घरी टीडीएस 450 (लिटरला मिलिग्रॅम), म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या 500 च्या मर्यादेच्या आतच, पण बोअर गोठ्याला लागून, लॅबमधे नायट्रेट 45 च्या मर्यादेच्या वर निघालं, अन् घरात बाटलीच्या दुधावरचं लेकरू, ज्याला नायट्रेट सगळ्यात घातक. ते पाणी उकळून देत होते बिचारे, पण उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं. तिथं आरओ पाहिजेच होता. नांदेड, बीडकडच्या काही गावांत फ्लोराइडचा त्रास आहे, लेकरांच्या दातावर डाग असले तर ते मुद्दाम तपासायला सांगा.

जंतूंची तपासणी वेगळी, त्याला लॅबचीच निर्जंतुक बाटली लागते, ती घरी धुवायची नाही, अन् नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवलेला बरा. फक्त जंतू निघाले अन् पाणी स्वच्छ असलं तर यूव्ही (अतिनील उजेडानं जंतू मारणारा फिल्टर) पुरतो. गढूळ असेल तर आधी गाळून घ्या, नायतर यूव्हीचा उजेड जंतूपर्यंत पोचतच नाही.

बाकी निम्मे लोक येतात ते गिझरची कॉइल गेली, डाळ शिजंना म्हणून. ते जड पाणी, म्हणजे क्षारांचं. आंघोळीला, गिझरला सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं मशीन) बसवा, सगळ्या घराला आरओ कशाला, आधीच पाण्याची मारामार अन् आरओ जेवढं देतं त्याच्या दुप्पट-तिप्पट सोडून देतं (ते फरशीला वापरा). पण सॉफ्टनर धुतल्याचं मिठाचं पाणी झाडाला घालू नका, आमच्या दारची जास्वंद त्यातच गेली.