'लेट्स'मधलं आपण

गेल्या महिन्यात पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने पाठीमागे हात घातला आणि म्हणाली, "लेट्स गेट यू अप, शॅल वी?" उठायचं मला, टाके माझे, मग यात ही कुठून आली? आणि एकदम डोळे भरून आले. माझ्या आजारपणात आई म्हणायची, "चल, आपण जरा उठून बसूया." तेच 'आपण' हे!

बारा वर्षं मँचेस्टरमध्ये काढून हे आत्ता उमगलं. शाळेत शिकवलं होतं, 'लेट्स' म्हणजे 'लेट अस'. बोलताना चालतं, लिहिताना पूर्ण लिहायचं. म्हणून ऑफिसच्या मेलमध्ये मी इमानाने 'लेट अस फिनिश द रिपोर्ट' लिहायचे. एकदा सहकाऱ्याने विचारलं, "तुम्हाला अडवलंय कोणी?" त्याने ते 'आम्हाला रिपोर्ट संपवू द्या' असं वाचलं होतं. फार लागलं मनाला. माझं चुकलं नव्हतंच. इथल्या चर्चमध्येही 'लेट अस प्रे' म्हणतात, आणि त्यात सगळे असतात. फक्त ते भारदस्त वाटतं, रोजच्या कामाला कोणी वापरत नाही.

खरी गंमत अशी की 'लेट अस गो'चे अर्थ दोन: 'आम्हाला जाऊ द्या' आणि 'चला, जाऊया'. 'लेट्स गो'चा एकच, दुसरा. म्हणूनच 'लेट अस नो', म्हणजे 'आम्हाला कळवा', याचं 'लेट्स नो' होत नाही. ऐकणाऱ्याला सोबत घेतलं तरच 'लेट अस'चं आखडून 'लेट्स' होतं. इंग्रजीच्या 'वी'ला आम्ही-आपण हा भेद नाही, हिंदीच्या 'हम'लाही नाही. आपल्याकडे आहे, गुजरातीत आहे, तेलुगूतही 'मेमु' आणि 'मनं' वेगळे. इतकी नेमकी भाषा घेऊन आलेल्या आपण इथे उगाच बिचकत बोलतो, असं मला आता वाटतं.

माझी लेक इथेच जन्मली. "आई, आम्ही पार्कात जाऊया?" असं विचारायची. मी दरवेळी दुरुस्त करायचे, ती दरवेळी विसरायची. दवाखान्यातून आल्यावर तिला एवढंच सांगितलं, "मनात 'लेट्स' आलं, की 'आपण' म्हणायचं."

परवा बूट घालून दारात उभी होती. माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "आई, आपण हळूहळू जाऊया."