तुम्ही विचारलंत म्हणून: अर्थशास्त्राला गणित झेपेल का?

“गणित बेताचंच आहे, पण अर्थशास्त्र पुढे शिकायचंय. झेपेल का?” असं विचारणारे विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात.

झेपेल. काय लागतं तेही लपलेलं नाही: कलन, मॅट्रिक्स, संभाव्यता, आणि सिद्धांताकडे वळलात तर रिअल अॅनालिसिस (कलनामागची काटेकोर सिद्धता). मी अडले ती मात्र सोप्या वाटणाऱ्या जागी, लॅम्डापाशी, म्हणजे मर्यादेसाठी समीकरणात घालतात त्या जादा अक्षरापाशी.

ठरावीक उत्पन्नात जास्तीत जास्त उपयोगिता, म्हणजे वस्तूंतून मिळणारं समाधान, कशी मिळवायची, हे लॅग्रांजच्या पद्धतीने काढतात. डेरिव्हेटिव्ह घ्यायचे, शून्याबरोबर मांडायचे, लॅम्डा घालवायचा, उत्तर लिहायचं. वर्षभर मी हेच केलं. गुणही मिळत होते.

मग एका दुपारी साधे आकडे घेऊन बसले. वस्तू दोन, किमती 1 आणि 2, उत्पन्न 100, आणि उपयोगिता म्हणजे दोन्ही नगसंख्यांचा गुणाकार. उत्तर आलं 50 आणि 25. उपयोगिता 1250, लॅम्डा 25. सहज म्हणून उत्पन्न 101 करून सगळं पुन्हा सोडवलं. उपयोगिता 1275.125! वाढ जवळजवळ 25. उत्पन्न आणखी एकाने वाढलं तर ते आपल्याला कितीचं, हे लॅम्डा सांगत होता. मर्यादेची किंमत सांगत होता. अर्थशास्त्र नेमकं तिथे होतं आणि मी वर्षभर तेच खोडत आले होते. त्या दिवशी मला फार आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं.

अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलने 1906 साली संख्याशास्त्रज्ञ बाउलीला लिहिलेल्या पत्रात सांगितलं होतं की गणिताचा अर्थ साध्या भाषेत उतरवा, खऱ्या जगातली उदाहरणं द्या आणि मग गणित जाळून टाका. पहिलं मला मनापासून पटतं. जाळायला मात्र माझा विरोध आहे, कारण कोणती अट कुठे कामाला येते हे गणितच दाखवतं.

समतोल, म्हणजे कुणालाच आपला निर्णय बदलावासा वाटू नये अशी स्थिती, असतो हे कशावरून? गणितज्ञ नॅशने 1950 मध्ये आणि अर्थशास्त्रज्ञ अॅरो-डेब्रू यांनी 1954 मध्ये याचं उत्तर फिक्स्ड पॉइंट प्रमेयांवर उभं केलं; काही अटी पाळल्या तर सगळे बिंदू हलवले तरी निदान एक जागेवरच राहतो, असं ही प्रमेयं सांगतात. सिद्धता वाचून मी घाबरले होते. म्हणून एक चौकोन काढला, त्याचा कर्ण काढला. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत पेन न उचलता रेघ ओढली, तर ती कर्णाला कुठेतरी भेटतेच. तिथे आडवा आणि उभा आकडा सारखाच, म्हणजे बिंदू जागेवरच. तोच फिक्स्ड पॉइंट. मग प्रमेयाची एकेक अट काढून पाहिली. पेन उचललं, की रेघ कर्णावरून उडी मारून जाऊ शकते. 0 ते 1 मधली टोकंच वगळली आणि प्रत्येक संख्या निम्मी केली, तर जागेवर राहणारा एकमेव बिंदू 0, आणि तोच संचात नाही. राहिली कॉन्व्हेक्स असण्याची अट, म्हणजे आकारातले कुठलेही दोन बिंदू जोडणारी सरळ रेघ आकारातच राहण्याची. ती मधे पोकळ असलेला आकार पाळत नाही. त्यासाठी बोटातली अंगठी थोडी फिरवली: एकही बिंदू जागेवर राहिला नाही.