पाच गुण झेरॉक्समध्ये गेले

१ ऑगस्टच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून येता का, असं विचारल्यावर मी लगेच हो म्हटलं. टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती, पाचवी ते सातवीचा गट, प्रत्येकी ४ मिनिटं. नऊला या, एकला मोकळे, असं सांगितलं होतं. मी घरी निघालो पावणेचारला. त्यात मुलांचा काही दोष नाही.

दोष गुणपत्रकाचा. खाली छापलेलं ‘एकूण ५०’. वर रकाने चार: विषयाची मांडणी १५, भाषा व उच्चार १०, हावभाव १०, पाठांतर १०. झाले ४५. गेल्या वर्षीच्या कागदाची झेरॉक्स मारताना कडेचा ‘वेळेचे भान ५’ कापला गेला होता. उभा जन्म बँकेत बेरजा करण्यात गेला, तरी माझ्या हे लक्षात आलं नाही. पहिल्या मुलाचं ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ सुरू झालं आणि मी गुण द्यायला लागलो. (पहिल्या तिघांचे गुण पेन्सिलीनेच लिहा. पाणी किती खोल आहे ते तोवर कळलेलं नसतं.)

३१ मुलं. टिळकांवर बोलणाऱ्या बहुतेकांनी शेंगांची टरफलं उचलायला नकार दिला. सतरा नंबरची मुलगी अण्णाभाऊंवर बोलत होती. वाटेगावहून मुंबईपर्यंतच्या पायी प्रवासापाशी अडकली. हळूच तळहात पाहिला, तर घामाने शाई पसरलेली. “थांबा हं, आठवतंय,” म्हणाली आणि पुढचं सगळं आपल्या शब्दांत सांगितलं. लहान मुलं किती चालली असतील, पायात काय असेल, असं. सभागृह गप्प. मी मांडणीला १४ दिले आणि पाठांतराला ४. हा रकाना वक्तृत्वात कशाला हवा, कोण जाणे.

बेरजेला बसलो तेव्हा खरा घोळ उघड झाला. शेजारच्या बाईंनी पाचवा रकाना स्वतः आखून घेतला होता. तिसऱ्या सरांनी मेळ बसावा म्हणून मांडणी २० पैकी धरली होती. मी ४५ वरच. संयोजक म्हणाले, “सर, सरासरी काढू.” कशाची सरासरी? शिवाय तिसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र चित्रकलेच्या सरांनी सुंदर अक्षरात लिहूनही टाकलेलं. “आता नाव कसं बदलणार?” मी खुर्चीवरून उठलोच नाही.

घंटा वाजवणाऱ्या बाईंच्या वहीत प्रत्येकाची वेळ लिहिलेली होती, म्हणून निभावलं. त्यावरून वेळेचे गुण तिन्ही कागदांवर सारखे भरले. सरांच्या मांडणीला पाऊण पट केलं. मग प्रत्येक परीक्षकाचे क्रम लावून क्रमांची बेरीज घेतली, कारण शेजारच्या बाई सगळ्यांना ३८ ते ४२ देत होत्या आणि सर २० ते ४८. अशाने एकट्या सरांचाच निकाल लागतो. तिसरा क्रमांक बदलला. बाहेर पाहुण्यांचं भाषण लांबवलेलं, सतरंजीवरची मुलं पेंगलेली. पुन्हा कधी गेलो तर गुणपत्रकाची बेरीज आधी करीन, चहा नंतर.

सतरा नंबर सहावी आली. उत्तेजनार्थ पाचव्यापर्यंतच होतं. निघताना ती गेटपाशी आली. “सर, मला कशात कमी पडले?”

“पाठांतरात.”

“पण मला आठवलं होतं ना नंतर.”