पर्यावरणाचं नाव काढलं की तोंड फिरवणारे सहकारी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओततात तो कारखाना) काम करते. मीटिंगमध्ये वीज, पाणी, कचरा असलं काही काढलं की कोणीतरी म्हणणारच, "मॅडम आधी उत्पादनाचं टनेज काढूया, पंचगंगा मग बघू." मला हे लई लागतं. 2012 ला पंचगंगेच्या दूषित पाण्यामुळं इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, ते विसरायला होत नाही. पण चारचौघांत वाद घालत नाही, कारण वीस माणसांसमोर सीनियर माणूस शब्द मागं घेत नसतो, उलट हट्टाला पेटतो.

मेंटेनन्सचे आमचे मामा (सगळे त्यांना मामाच म्हणतात) सगळ्यात कडक विरोधक. त्यांच्याकडं जाऊन बसले तेव्हा कळलं राग कशाचा आहे ते. प्रत्येक मोहिमेत त्यांच्या गळ्यात एक नवीन रजिस्टर पडतं आणि त्यांनी मागितलेले कपलिंग, होस (हवेच्या नळ्या आणि त्यांचे जोड) मात्र येत नाहीत. राग बरोबरच आहे की! मग पर्यावरण हा शब्दच न काढता विचारलं, मामा, कंप्रेसर सारखा लोड का घेतोय वो? (कंप्रेसर म्हणजे मशीनना दाबाची हवा देणारं यंत्र, लोड घेतो म्हणजे हवा भरायला जोर लावतो.)

सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून नुसता कंप्रेसर चालू केला, हवा वापरणारं कोणी नाही तरी तो थोड्या थोड्या वेळानं लोड घेतोय म्हणजे तेवढी हवा लीकच होतीय. मामांनी बादलीत साबणाचं पाणी केलं आणि ब्रश घेऊन एकेक जॉइंट बघत गेले, फेटलिंगच्या (ओतलेला माल घासून साफ करायच्या) हवेच्या लाईनवर तर फेसाचे एवढे मोठे फुगे. 7 बार दाबाला 3 मिमीचं भोक असलं तरी साधारण 3 किलोवॅट वाया जातात, चोवीस तास चाललं तर दिवसाला 72 युनिट. रिपोर्टवर नाव मामांचंच टाकलं, काम त्यांचंच होतं, आणि कपलिंगपण लगेच मंजूर झाले. आता कोणी ब्लो गननं (दाबाची हवा मारायच्या पिस्तुलानं) अंगावरची धूळ उडवताना दिसला की मामाच ओरडतात.

परचेसवाल्यांचं वेगळं, ते "हो हो करूया" म्हणतात आणि करत काहीच नाहीत. चहाच्या कागदी कपांचं तसंच चाललेलं, कागदच आहे की म्हणायचे. आतून प्लॅस्टिकचा थर असतो, आणि आयआयटी खरगपूरच्या 2020 च्या अभ्यासात 100 मिली गरम पाण्यात 15 मिनिटांत सुमारे 25,000 सूक्ष्म कण सापडले होते, हे सांगितल्यावर थोडे हलले. पण खरं काम कॅन्टीनच्या मावशींनी केलं, स्टीलचे ग्लास धुवायला जादा माणूस द्या तर करते म्हणाल्या, तो दिला, विषय संपला.

काहीजण कशानंच हलत नाहीत, त्यांच्या मागं मी लागत नाही, तेवढा वेळ तयार असलेल्यांना देते.

आता शेडमागचा साच्यांच्या वापरलेल्या वाळूचा ढीग काढायचाय. यावेळी मीटिंगच्या आधीच साचे करणाऱ्या मोल्डिंगवाल्यांकडं जाऊन बसणार आहे, रिक्लेमेशनची (वापरलेलीच साफ करून परत घेतलेली) वाळू त्यांना का नको असते ते आधी त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.