मिलिमीटरचा हिशेब

रविवार, रात्री

आज पाचवी नालबंदी झाली. नालबंदकाका गेल्यावर पट्टी घेऊन माझ्या घोडीच्या, सावलीच्या, डाव्या पुढच्या पायाशी बसले. केसांच्या रेघेपासून खुरावरच्या चिरेच्या वरच्या टोकापर्यंत 16 मिलिमीटर. वहीत लिहिलं. खरं तर एव्हाना हा आकडा दुपटीहून जास्त असायला हवा होता. तो नाही, याला कारण मीच.

कातडी संपून खूर सुरू होतो ना, नेमकी तिथेच पत्र्याची धार लागली होती. कातडी पंधरा दिवसांत भरली. मला वाटलं, सुटलो. पण खुराची भिंत त्याच कडेतून उगवते, आणि कड दुखावली की खाली येणारी भिंत चिरलेलीच येते. सावली पाय टेकवायची तेव्हा चिरेच्या दोन्ही बाजू हलायच्या, मधून रक्त दिसायचं. ही चीर हाडासारखी सांधत नाही. वरून नवी, अखंड भिंत येत राहते आणि जुनी खाली ढकलली जाते, एवढाच उपाय. महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर. आमच्या चिरेच्या जागी भिंतीची उंची 55 भरली. पाच आठवड्यांना 8 धरले तर सात वेळा नालबंदी. पहिल्या दिवशी मी एका नालबंदीचा खर्च ऐकून घाबरले होते. विचारायला हवं होतं ते सातांचं.

नेहमीच्या नालेपेक्षा ही महाग का, हे काकांनी खूर मांडीवर घेऊन दाखवलं. बार शू, म्हणजे मागची दोन्ही टोकं पट्टीने जोडलेली बंद नाल. त्यामुळे भार टाचेच्या सगळ्या भागावर वाटला जातो. शिवाय चिरेखालची कड त्यांनी कानशीने इतकी उतरवली की तिथे खूर नालेला टेकतच नाही. खिशातला एक जाड कागद त्या फटीत सरकवून म्हणाले, "ताई, ही फट आहे तोवर चीर शांत. बुजली की पुन्हा बोलणार."

आणि मी ती बुजू दिली.

दुसऱ्या खेपेनंतर हातात पैसे कमी होते. सावली लंगडत नव्हती, नाल घट्ट होती. ओळखीतल्या एकाने "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला" असं ऐकवलं, तेही मनात राहिलं असेल. पाचाचे आठ आठवडे केले. तेवढ्यात खूर वाढला, पुढचं टोक लांबलं, नाल टाचेखालून पुढे गेली आणि उतरवलेली कड खाली येऊन नालेवर टेकली. एका सकाळी चीर थेट केसांपर्यंत उघडलेली. तोवरची सगळी वाढ गेली, वर डॉक्टरांची फेरी, चीर झाकणारा नवा पॅच. एक नालबंदी लांबवून वाचवलेलं सगळं त्यात गेलं आणि वर बरंच लागलं. पैशांचं मी सांभाळून घेईन. ती पुन्हा पाय उचलून धरायला लागली, ते दृश्य जात नाही.

त्यानंतर मात्र मी तारखेला हात लावला नाही. काटकसर दुसरीकडे शोधली. काका आणि डॉक्टर यांना एकाच दिवशी बोलावलं. एक एक्स-रे दोघांनी मिळून पाहिला, माझ्यासमोर बोलले, आणि नंतर मला इकडचं तिकडे सांगत बसावं लागलं नाही. प्रत्येक गोष्टीला "हे कशासाठी?" असं विचारलं. न लाजता. काकांना राग आला नाही, उलट त्यांनीच मार्ग काढला. सध्या काम नाही, तर मागच्या पायांची नाल काढून नुसतं तासायचं. उजव्या पुढच्या पायाला बंद नाल नको, तेवढ्याच जाडीची साधी पुरे. सावली बहुतेक वेळ तबेल्यातच असल्याने पोलादी नाल फारशी झिजत नाही, म्हणून गेल्या खेपेला तीच नाल नव्या खिळ्यांनी परत बसवली. ॲल्युमिनियमची हलकी असते खरी, पण लवकर झिजते.

पॅचच्या बाबतीत घाई न करणं कामी आलं. चीर आतून ओली असताना वरून झाकली तर घाण आतच कोंडते. म्हणून दुसऱ्या पॅचआधी ती पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबलो. खुरासाठी आणलेल्या चार डब्यांपैकी तीन बंद केले, बायोटिन हे जीवनसत्त्व तेवढं ठेवलं. तेही नव्याने उगवणाऱ्या भिंतीसाठीच. तयार भिंतीत ते काही बदल करत नाही.

बाहेर नेताना पुढच्या खुरांना रबरी बूट घालतेच. मागचा पाय नालेवर पडून ती उपटली, तर सोबत भिंतीचा तुकडाही जातो.

पैसे आता आठवड्याला बाजूला काढते, म्हणजे पाचव्या आठवड्याला पोटात गोळा येत नाही. गेल्या महिन्यात तरीही कमी पडले. काकांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, "अर्धे पुढच्या वेळी द्या, पण तारीख नका चुकवू."

मगाशी कंदील घेऊन पुन्हा गेले. सावली झोपेत होती, खालचा ओठ सैल सोडून उभी. पाय मागितला तर तिने डोळे न उघडताच दिला. काकांनी दिलेला कागद फटीत घातला. सहज सरकला.