इसार

एप्रिल लागला की माझ्या ओपीडीत निम्मी गर्दी चेहऱ्यावरच्या डागांची. लातूरकडच्या उन्हात दिवसभर रानात राबणाऱ्या बायका वांग घेऊन येतात आणि पिशवीतून ठरलेली ट्यूब काढतात. मेडिकलवाल्यानं दिलेली, स्टेरॉईडची. आधी चेहरा उजळतो, मग लाल पडतो, मग ट्यूब सोडवत नाही. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं सरकारनं २०१८ मध्ये बजावलं. काउंटरवर ते कुणी पाळताना मी अजून पाहिलेलं नाही.

त्या दिवशी दुपारी चारला एक माणूस टॉवेलात गुंडाळलेलं पोर कडेवर घेऊन आत आला. पोर सहा वर्षांचं, कडेवर घ्यायच्या वयाचं नव्हे. टॉवेल काढला तसे त्यानं डोळे गच्च मिटले आणि बापाच्या मानेत तोंड खुपसलं. मी ट्यूबलाइट बंद केली, पडदा ओढला, तेव्हा कुठं त्यानं तोंड वर केलं.

चेहरा तिळांनी भरलेला. मूठभर तीळ सांडावेत तसा, ओठांवरसुद्धा. मधेमधे पांढुरके ठिपके, आणि कातडी साठीतल्या शेतकऱ्याची. शर्ट वर केला तर पोट, पाठ स्वच्छ. गळ्यापाशी रेघ ओढल्यासारखी हद्द. ती बघितली आणि माझ्या पोटात कालवलं. डाव्या नाकपुडीच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती, मोत्यासारख्या चकचकीत काठाची. तरी विचारलं, "मंडळी नात्यातल्या का?"

"मामाचीच पोरगी की, मॅडम."

झेरोडर्मा पिगमेंटोसम. ऊन न सोसणारं जन्मजात दुखणं, नात्यातल्या लग्नांत जास्त दिसणारं. बापाच्या पिशवीत आधीच्या दवाखान्यांच्या तीन चिठ्ठ्या होत्या. एकीवर चक्क 'वांग' लिहिलं होतं. सहा वर्षांच्या लेकराला वांग होत नाही. शर्ट वर करून बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि चार वर्षांत ते कुणी खर्च केलं नव्हतं.

समजावताना मी गोधडी घेतली. ऊन सगळ्यांचीच गोधडी रोज फाडतं. आपल्या अंगात फाटलेला तुकडा कापून नवं ठिगळ लावणारे हात असतात, ह्याच्यात ते जन्मापासून नाहीत. हे दुखणं व्हिएन्नाच्या हेब्रा आणि कापोसी यांनी १८७४ मध्ये लिहून ठेवलं. दुरुस्तीच होत नाही म्हणून ते होतं, हे अमेरिकेत जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं. ते हात परत बसवणारं औषध मात्र अजून कुणाकडंच नाही. अमेरिकेतल्या नोंदींत अशा मुलांना त्वचेचा पहिला कर्करोग साधारण नवव्या वर्षी दिसतो. आमच्याकडचं ऊन तेवढीही वाट बघत नाही, असं त्या गाठीकडं बघून वाटलं.

बापानं सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून दोन कागद काढले. एक इसाराची पावती, दोन एकर रानाची. दुसरा कुणा एजंटचा रंगीत कागद: परदेशात स्टेम सेल आणि लेझरनं 'नवी त्वचा', सगळं मिळून एकोणीस लाख. कागदावर फोटो होता एका गोऱ्या बाईचा, आधी उन्हानं सुरकुतलेली आणि नंतर गुळगुळीत. डॉक्टरचं नाव कुठंच नाही. ज्यानं हा कागद या माणसाच्या हातात दिला त्यानं हे लेकरू बघितलं होतं. मला ते अजूनही सहन होत नाही.

मी सांगितलं, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात या आजारासाठी वेगळा दवाखाना आहे, आणि तिथंही हेच करतात. ऊन अडवायचं, डोळे जपायचे, ड जीवनसत्त्व तोंडानं द्यायचं, दर काही महिन्यांनी कातडी इंच इंच तपासायची आणि गाठ दिसली की लगेच काढायची. रान विकू नका.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडं पैसा न्हाई म्हणून तर म्हणत न्हाईत ना, मॅडम?"

मी नाही म्हणाले. पण तो प्रश्न त्याला कुठून सुचला ते मला कळलं होतं. 'पुण्या-मुंबईला न्या' आणि 'आता घरीच सांभाळा' ही दोन्ही वाक्यं आम्ही डॉक्टर समोरच्याचे कपडे बघून बोलतो. मीही बोललेय.

गाठ आमच्या प्लास्टिक सर्जननं काढली. रिपोर्ट बेसल सेल कार्सिनोमाचा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाचा आला; कडा स्वच्छ, गाठ पूर्ण निघाली होती. मग मी टोपडं करायला घेतलं. माझ्याकडं अतिनील किरण मोजायचं हातात मावणारं यंत्र आहे. कोविडमधली उरलेली फेस शील्ड त्यावर धरली तर आकडा कमी झाला, पण बराच शिल्लक. खिडकीच्या काचेचंही तेच. ग्राइंडिंग करताना लावतात ती पॉलिकार्बोनेटची ढाल धरली, आकडा जवळजवळ शून्य! आमच्या गल्लीतल्या टेलरमामांनी ती दुहेरी जाड सुती टोपीला शिवली, मानेवर झालर सोडली. पहिल्या दिवशी श्वासाच्या वाफेनं पोराला काही दिसेना. मामांनी हनुवटीखाली जागा सोडून आडवी घडी घातली, हवा खेळेल पण ऊन शिरणार नाही अशी. पैसे घेतले नाहीत. घराच्या खिडक्यांना कारच्या काचांची फिल्म लावली, तीही आधी यंत्रावर मोजून.

आता ते सूर्य मावळल्यावरच येतात, साडेसातला. पोर टोपडं स्वतः काढून टेबलावर ठेवतं.

गेल्या वेळी बाप म्हणाला, इसार परत दिला, घेणारा कुरकुरला. मग बायकोच्या मांडीवरच्या आठ महिन्यांच्या धाकटीकडं बघत म्हणाला, "हिचं कधी तपासायचं?" प्रत्येक लेकराला हे दुखणं व्हायची शक्यता चारात एक, हे मीच त्याला सांगितलं होतं.

तिचं रक्त जनुकीय तपासणीला पाठवलंय, रिपोर्ट यायचाय. तोवर तिलाही दिवसा बाहेर काढत नाहीत. गालावर एकही तीळ नाही. तरी दर वेळी मी भिंग लावून दोन्ही गाल बघते, आणि तिची आई माझ्या तोंडाकडं बघत असते.