सगळं हिरवंच

"हे तं सारं हिरवंच दिसते भाऊ. यात माहा संत्रा कोणता अन् बाजूवाल्याची तूर कोणती?"

काटोलकडच्या एका बांधावर, उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून टॅबवरच्या पाइपलाइनच्या नकाशावर दुपट्ट्याची सावली धरत काकांनी विचारलं.

गॅस पाइपलाइनचा रूट जीआयएसवर (कॉम्प्युटरवरच्या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर) काढताना जमिनीच्या प्रत्येक चौकोनाला एक किंमत देतात, चढ असला की जास्त, जंगल, नदी, हायवे क्रॉसिंग आलं की अजून जास्त, मग सॉफ्टवेअर सगळ्यात स्वस्त वाट शोधून देतं, मस्त प्रकार आहे खरं तर. पण आमच्या लँडयूजच्या, म्हणजे जमिनीचा वापर दाखवणाऱ्या लेयरमध्ये बाग काय अन् तूर काय, दोन्ही 'शेती', किंमत सेम.

तूर पुढच्या खरिपात परत पेरता येते. संत्र्याला फळ धरायलाच चार-पाच वर्षं जातात, आणि १९६२ च्या पाइपलाइन कायद्यात पाइप जातो त्या पट्ट्याची जमीन मालकाचीच राहते पण तिथं पुन्हा झाड लावता येत नाही, विहीरसुद्धा खोदता येत नाही.

बरं, चांगल्या सॅटेलाइट इमेजवर संत्र्याच्या ओळी अगदी झाड मोजता येईल इतक्या साफ दिसतात.

जीआयएसवाले मित्रहो, तुमच्याकडे फळबागेला वेगळं वेटेज देता का, की सगळं शेतीतच ढकलता?